उपाशी पोटाची बिडी

तंबाखू सोडू पाहणाऱ्या माणसाला वैद्यकशास्त्र आज तीन गोष्टी एका दमात सांगते. समुपदेशन व औषध घ्यावे, नियमित व्यायाम करावा, आहार सांभाळावा. सल्ला निर्दोष आहे आणि त्यामागे पाश्चात्त्य देशांतील तीन-चार दशकांचे संशोधन आहे. प्रश्न इतकाच की, हा सल्ला ज्याला डोळ्यांसमोर ठेवून घडविला गेला तो मनुष्य कोण? तो दोन्ही वेळ पोटभर जेवणारा, खुर्चीत बसून काम करणारा आणि सिगारेट सुटली तर वजन वाढेल म्हणून धास्तावलेला मनुष्य आहे. भंडारा जिल्ह्यात असा मनुष्य नाही असे नव्हे. खांब तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांत तो भेटतो. तो शिक्षक असेल, बँकेतला कारकून असेल, धानाचा व्यापारी असेल. परंतु लाखांदूर-पवनीकडे गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून रोवणी करणारी बाई, तुमसर तालुक्यातील चिखला वा डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीवरचा कंत्राटी मजूर आणि मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडण्यासाठी पहाटेच जंगलात शिरणारे कुटुंब यांच्यापुढे हाच सल्ला जसाच्या तसा वाचून दाखविला, तर तो थट्टेसारखा वाटेल. व्यायाम करा, असे रोवणीच्या बाईला कोणी सांगायचे? आणि खाणे कमी करा, असे ज्याचे खाणे मुळातच कमी आहे त्याला सांगायचे कसे?

तरीही हा सल्ला टाकून द्यावा, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. उलट तंबाखूमुक्ती आणि अन्न यांचा संबंध वैद्यकीय पुस्तकांत दाखविला जातो त्याहून कितीतरी घनिष्ठ आहे; मात्र या जिल्ह्यात तो संबंध उलट्या बाजूने वाचावा लागतो, एवढेच.

निकोटीन शरीरात नेमके काय करते, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट उलगडते. ते भूक मारते आणि त्याच वेळी शरीराचा ऊर्जाव्यय किंचित वाढविते. म्हणूनच तंबाखू सुटली की वजन वाढते. ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका संकलनानुसार, कोणतेही औषध न घेता धूम्रपान सोडणाऱ्यांचे वजन वर्षभरात सरासरी साडेचार ते पाच किलोंनी वाढते आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. श्रीमंत देशांत, विशेषतः स्त्रियांमध्ये, या वाढीची भीती हे धूम्रपान न सोडण्याचे एक मोठे कारण ठरले आणि व्यायाम व आहार यांची जोड देण्याची कल्पना तेथूनच पुढे आली. तिचा अनुभव मात्र संमिश्र आहे. दहा-पंधरा मिनिटे झपझप चालले तर तलफ काही काळ ओसरते, हे पुष्कळ प्रयोगांत दिसले. तथापि, सुमारे दोन डझन चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, नुसत्या व्यायामाची भर घातल्याने दीर्घकाळ व्यसनमुक्त राहणाऱ्यांची संख्या वाढते, असा पुरावा मिळत नाही. कडक आहारनियंत्रणाची गोष्ट तर आणखी सावधगिरीची आहे. वजन वाढू नये म्हणून खाण्यावर बंधने घातलेल्या गटात धूम्रपानमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण कमीच भरले, असे अमेरिकेतील एका चाचणीत १९९२ सालीच आढळले होते. तंबाखू आणि पोटभर जेवण यांचा एकाच वेळी त्याग करण्याची सक्ती मनुष्यस्वभावाला झेपत नाही. तंबाखू सोडणाऱ्याला खायला मिळाले पाहिजे, हाच त्याचा अर्थ.

धनिकांच्या देशात जी गोष्ट अडचण म्हणून पुढे येते, तीच येथे कारण म्हणून उभी आहे. तिकडे निकोटीन सुटले की भूक परत येते, ही तक्रार. इकडे भूक येऊ नये म्हणूनच तंबाखूचा बार भरला जातो. मुंबईतील सुमारे एक लाख प्रौढांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू कोणत्याही रूपात घेणारे लोक ती न घेणाऱ्यांपेक्षा कृश असण्याची शक्यता अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे लगेच विचारील की, तंबाखूमुळे माणूस कृश झाला, की दारिद्र्यामुळे कृश असलेला माणूस तंबाखूकडे वळला? उत्तर बहुधा असे की, दोन्ही खरे आहे आणि दोन्ही मिळून एक चक्र फिरते. पोटात अन्न कमी म्हणून चिमूट तोंडात जाते. चिमूट तोंडात गेली म्हणून अन्नाची आठवण मागे पडते. आणि चिमटीवर खर्च झालेला पैसा संध्याकाळच्या डाळीतून वजा होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १८.७ टक्के स्त्रिया आणि १६.२ टक्के पुरुष आवश्यकतेपेक्षा कमी वजनाचे आढळले. अशा माणसाचे वजन तंबाखू सुटल्यावर चार-पाच किलोंनी वाढले, तर ते संकट कसले? तो तर उपचाराचाच एक लाभ होय. अट एवढीच की, परत आलेल्या भुकेपुढे ताटात काहीतरी असावे.

भुकेइतकीच दुसरी गोष्ट विश्रांतीची. ती शास्त्रीय निबंधांत सापडत नाही, पण कामावर उभ्या राहिलेल्या कोणत्याही मुकादमाला ठाऊक असते. मजुराला बसायला कारण लागते. नुसताच बसला तर तो कामचुकार ठरतो. बिडी पेटवून बसला तर त्याची बिडी संपेपर्यंत मुकादमही थांबतो. बिडीपुरती ही सुट्टी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, परंतु कित्येक कामांवर ती लेखी सुट्टीपेक्षा भरवशाची असते. अशा माणसाने बिडी सोडली, तर त्याच्या पदरात काय पडते? इतर पाच जण झाडाखाली बसले असता त्याने घमेले उचलत राहायचे? तंबाखू सोडल्याची शिक्षा म्हणून ज्याची विश्रांती काढून घेतली जाते, तो चौथ्या दिवशी पुन्हा काडी मागतो. समुपदेशक त्याला इच्छाशक्ती कमी पडली असे सांगतो. इच्छाशक्ती कमी पडली हे खरेच. पण कामाच्या जागी विश्रांतीची हक्काची दहा मिनिटेही कमी पडली होती, हे त्या समुपदेशकाच्या नोंदवहीत येत नाही.

बिडीपेक्षाही आज या भागात खऱ्र्याचा प्रश्न मोठा आहे. प्रौढांच्या तंबाखूसेवनाची २०१६-१७ सालची देशव्यापी पाहणी पाहावी. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे वा तोंडात धरणारे २४.४ टक्के निघाले. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. विदर्भातील पानठेल्यावर मात्र सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून पन्नीत बांधलेला खर्रा त्यानंतरही सुखेनैव मिळत राहिला. कायद्याने पुडी बंद केली. जे हाताने घोटले जाते त्याला कारखाना नाही, छाप नाही, म्हणून पकडायचे कोणाला, असा हा कारभार. पूर्व विदर्भातल्या स्त्रियांमध्ये गुडाखूची सवय आहे, तिची तर चर्चाही होत नाही. दात घासण्याचे साधन म्हणून ती घराघरांत शिरलेली आहे.

आहार आणि व्यायाम यांचा विचार खऱ्र्याच्या संदर्भात केला, तर त्याला एक निराळाच, जवळजवळ भीषण अर्थ येतो. सुपारी आणि तंबाखू सतत गालात धरणाऱ्याच्या तोंडाच्या आतील त्वचा हळूहळू ताठर होते. प्रथम तिखट सोसत नाही, मग गरम सोसत नाही, पुढे जबडाच पुरता उघडत नाही. विदर्भातला माणूस आणि त्याला तिखट खाता येऊ नये! वरणात मिरची चालत नाही, कडक भाकरीचा तुकडा चावत नाही, म्हणून तो पातळ भातावर येतो. भाजी, डाळ, फळ आधीच कमी होते ते आणखी कमी होते. या दशेतून पुढे कर्करोगाची वाट जाते, हे आता सर्वज्ञात आहे. त्याच्या अलीकडे जो उपचार उपलब्ध आहे त्यात खर्रा कायमचा बंद करणे, लोह व जीवनसत्त्वे भरून काढणारा मऊ पण सकस आहार घेणे आणि दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक वाढवीत जबडा उघडण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा करणे, या तीन गोष्टी येतात. म्हणजे सल्ला तोच: सोडा, खा, व्यायाम करा. फक्त येथे व्यायाम छाती रुंद करण्यासाठी नाही, घास तोंडात जावा यासाठी आहे. पोलीस आणि सैन्यभरतीच्या आशेने पहाटे रस्त्याने धावणारी विशीतली पोरे या जिल्ह्यात गावोगाव दिसतात. धावून झाल्यावर त्यांतली काही पानठेल्यावरच थांबतात. व्यायाम आहे आणि खर्राही आहे. एकाने दुसरा आपोआप हटत नाही, हे कळायला कॉक्रेनच्या आढाव्याची वाट पाहण्याची गरज नव्हती.

आता थोडा हिशेब. एखादा मजूर खर्रा आणि बिडी मिळून रोज पन्नास रुपये खर्च करतो असे धरू. वर्षाला तो खर्च १८,२५० रुपये होतो. एक अंडे सात रुपयांचे धरले, तर त्या पन्नासात रोज सात अंडी येतात. घरातील चार माणसांना एकेक देऊनही तीन अंड्यांचे पैसे उरतात. हा हिशेब व्यसनमुक्तीच्या प्रत्येक व्याख्यानात मांडला जातो आणि त्याने फारसे कोणी बदलत नाही. याचे कारण मजुराला गणित येत नाही, हे नव्हे. त्याचे गणित अधिक अचूक असते. पन्नास रुपये एकदम हातात येत नाहीत; पाच-दहा रुपयांनी ते सुटत जातात आणि कामाच्या जागी पाच-दहा रुपयांत भूक मारणारी वस्तू तंबाखूच मिळते, जेवण मिळत नाही. पानठेला कामाच्या कडेला उभा आहे, अंडी गावात आहेत. बाजाराने जी वस्तू माणसाच्या हाताशी आणून ठेवली ती तो घेतो. अर्थशास्त्रात याला ग्राहकाची पसंती म्हणतात. ती पसंती उपलब्धतेच्या मर्यादेतच केलेली असते, हे मात्र पुष्कळदा सांगायचे राहून जाते.

सरकारचे धोरण या बाजूने पाहिले तर त्यातली विसंगती डोळ्यांत भरते. अन्नसुरक्षेच्या योजनेत माणशी दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळते. ते मिळावेच, पण धानाच्या या जिल्ह्यात उणीव तांदळाची नाही. उणीव डाळीची, अंड्यांची, तेलाची, भाजीची आहे. दुसरीकडे, जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ मध्ये सिगारेटवरील कराचा दर चाळीस टक्के करण्याचे ठरविले आणि त्याच बैठकीत बिडीवरील दर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर व तेंदूपत्त्यावरील दर १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. कारण म्हणून लाखो बिडी कामगारांचा रोजगार पुढे करण्यात आला. बिडी गरिबाची आहे, म्हणून ती स्वस्त असावी, हा युक्तिवाद जुना आहे आणि तो करणाऱ्यांत गरीब क्वचितच असतात. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील मृत्यूंच्या देशव्यापी अभ्यासाने दाखविले की, बिडी ओढणारा पुरुष सरासरी सुमारे सहा वर्षे आणि बिडी ओढणारी स्त्री सुमारे आठ वर्षे आधी मरते. या जादा मृत्यूंमध्ये क्षयाचा वाटा मोठा आहे. क्षय हा पुन्हा कुपोषणाचाच सोबती. स्वस्त बिडी ही गरिबावर केलेली कृपा असेल, तर ती त्याच्या आयुष्यातून परतफेड मागणारी कृपा आहे.

मग बिडी वळणाऱ्यांचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. निदान या पानावर तरी नाही. भंडारा आणि १९९९ मध्ये त्यातून वेगळा झालेला गोंदिया हे दोन्ही भाग पिढ्यान्‌पिढ्या बिडीचे. सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई, हजार बिड्यांमागे मिळणारी मजुरी, सट्टेदाराने छाटात बाजूला काढलेल्या आणि तरीही परत न मिळालेल्या बिड्या — हे चित्र चळवळीला अपरिचित नाही. या कामगारांसाठी १९६६ चा सेवाशर्तींचा कायदा झाला, १९७६ मध्ये उपकर बसवून कल्याण निधी उभा राहिला. त्यातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणी अशी कामे झाली. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, तो उपकर गेला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९६६ चा स्वतंत्र कायदाही त्यांतल्या एकीत विरघळला. म्हणजे बिडी स्वस्त करताना कामगाराचे नाव घ्यायचे आणि कामगाराच्या नावाने जमा होणारा पैसा मात्र बंद करायचा, असा हा व्यवहार आहे. उपकर राहिला असता, तर बिडी ओढणाऱ्याच्या खिशातून बिडी वळणारीच्या ताटात काहीतरी पडण्याची एक वाट तरी उघडी राहिली असती. शिवाय ही बाई स्वतः बिडी ओढत नसली, तरी दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेते आणि घरातली लहान मुले त्याच धुळीत रांगतात. तिला कोणी तंबाखू सोड म्हणून सांगत नाही, कारण ती तिने धरलेलीच नाही. तंबाखूनेच तिला धरले आहे.

या पेचातून वाट निघू शकते, याचा एक दाखला केरळातील कण्णूरचा आहे. १९६६ चा कायदा लागू होताच मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा तेथील कामगारांनी १९६९ मध्ये दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभारली. बिडीचा खप घटू लागल्यावर या संस्थेने नव्वदीच्या दशकापासून मसाले, लोणची यांसारखे खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असे नवे व्यवसाय हाती घेतले. सगळे कामगार त्यांत सामावले गेले असे नाही आणि त्या संस्थेलाही पुढे अडचणी आल्याच. तरीही बिडी वळणारे हात खाद्यपदार्थांकडे वळू शकतात, एवढे तिने सिद्ध केले. भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव आहेत, त्यांत मासे आणि शिंगाडे आहेत. जवस आहे, लाखोरी आहे, मोह आहे. येथे अन्नावर प्रक्रिया करणारी बायकांची सहकारी संस्था ही कल्पनेतली गोष्ट मानण्याचे कारण नाही. तलावाची मासळी रोवणीच्या बांधावर पोहोचत नाही आणि पन्नीतला खर्रा पोहोचतो, याला निसर्ग जबाबदार नाही.

आहाराला उपचार मानण्याचे तत्त्व सरकारने अन्यत्र मान्य केले आहे, हेही लक्षात घ्यावे. क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा पाचशे रुपये देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम एक हजार झाली. झारखंडात क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ व डाळ पुरवून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली लॅन्सेटमध्ये आले. त्या कुटुंबांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले होते. डाळीची पिशवी औषधासारखी काम करते, याहून स्पष्ट पुरावा आणखी कोणता हवा? आणि त्याच क्षयरुग्णाच्या खिशात बिडीचे बंडल असेल, तर पोषणाच्या हजार रुपयांबरोबर तंबाखू सोडण्याचे साहाय्यही त्याला त्याच खिडकीवर मिळायला नको काय?

साहाय्य कागदावर आहे. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्राची तरतूद आहे. २०१६ पासून राष्ट्रीय दूरध्वनी साहाय्य सुरू आहे आणि त्याचा क्रमांक बिडीच्या बंडलावरही छापला जातो. निकोटीनचा पर्याय देणारी औषधे २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आली. परंतु केंद्र भंडाऱ्यात आणि मजूर लाखांदुरात. तेथे जायचे तर एक दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे वेगळे. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमाने हा प्रश्न गावाच्या पातळीवर नेला. गावाने ठरवायचे, गावाने विक्री थांबवायची, अशी त्याची रीत. ती स्वीकारण्याजोगी आहे. तीत भर घालायची ती कामाच्या जागेवरच्या जेवणाची आणि विश्रांतीची.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. तंबाखू सोडणाऱ्याला जेवण द्यायचे, तर ज्याने ती कधी धरलीच नाही त्याने काय पाप केले? उद्या जेवणासाठी लोक आठ दिवस खर्रा खाऊन नवव्या दिवशी सोडतील! म्हणूनच जेवण हे बक्षीस म्हणून देऊ नये. ते कामाच्या जागी सर्वांनाच मिळावे: खाणार्‍याला, न खाणाऱ्याला, सोडणाऱ्याला. नव्या संहितेत शंभर वा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृहाची तरतूद आहे आणि त्या शंभरांत कंत्राटी कामगारही मोजायचे आहेत. खाणींपासून ही मागणी सुरू करता येईल. चहा-बिस्किटांचे उपाहारगृह नव्हे. डाळ, अंडे अथवा मासळी आणि भाजी असलेले, मजुराला परवडणारे जेवण. राज्यात २०२० मध्ये सुरू झालेल्या शिवभोजनाने दहा रुपयांत थाळी देता येते, हे दाखविलेच होते. ती शहरातल्या चौकात थांबली. तिने रोजगार हमीच्या कामापर्यंत, तेंदूपत्त्याच्या फळीपर्यंत, धानाच्या बांधीपर्यंत जायला हवे होते. जेवणाइतकीच स्पष्टपणे मागायची गोष्ट म्हणजे विश्रांती: सकाळी दहा आणि दुपारी दहा मिनिटे, बिडी ओढो वा न ओढो, मजुरी न कापता. या मागणीला सरकारी तिजोरीतून एक पैसा लागत नाही.

वेळही पाहावी लागेल. रोवणीच्या दिवसांत तंबाखू सोडा म्हणणे म्हणजे पुरात पोहायला शिकविणे. धान घरात आले, हाताला थोडी उसंत आहे, तलावात मासळी आहे, वाडीत भाजी आहे, असे दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने त्यासाठी सर्वांत बरे. त्याच दिवसांत गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात, झाडीपट्टीची नाटके रात्रभर रंगतात आणि रात्रभर जागायचे तर खर्रा हवाच, हेही ठरलेले. ही अडचण खरी आहे. पण जेथे सारे गाव जमते तेथेच बोलावे लागते. पानठेला जर मंडईत जागा मिळवू शकतो, तर उकडलेल्या शिंगाड्यांची आणि अंड्यांची टोपली का मिळवू शकत नाही?

शेवटी घरचा प्रश्न. बिडी कामगारांची बाजू घेता घेता पुरोगामी म्हणविणाऱ्या पुष्कळांनी बिडीचीही बाजू घेतली, हे मान्य केले पाहिजे. वेष्टनाच्या पंचाऐंशी टक्के भागावर धोक्याचे चित्र छापण्याचा नियम २०१६ मध्ये अमलात आला, तेव्हा मालकांनी उत्पादन थांबवून कामगारांना पुढे केले. त्या वेळी कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्या किती जणांनी मालकांना विचारले की, रोजगाराची एवढी चिंता होती तर मजुरी इतकी वर्षे का दडपली? आणि कार्यकर्त्यांच्या बैठकांचे काय? शोषणावर दोन तास चर्चा होते, ठराव होतो आणि मध्येच एक पन्नी उलगडली जाऊन हातोहात फिरते. चहाबरोबर खायला काही नसते, कारण बैठकीच्या खर्चात ते धरलेले नसते. जिल्ह्यातील पुढच्या बैठकीत भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ठेवावा, तासाभराने सर्वांनी उठून दहा मिनिटे बाहेर चालून यावे आणि मग खाणीवरच्या उपाहारगृहाच्या मागणीचा मसुदा हाती घ्यावा. मसुद्यात कंत्राटी मजुरांची संख्या लागेल. ती कंपनीच्या कार्यालयातून नव्हे, पहिल्या पाळीच्या फाटकावर उभे राहून मोजून आणावी.